भुसभुशीत हिम

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका संध्याकाळी दोन भाऊ गुलमर्गच्या सहलीचे बेत करीत होते. धाकट्याने मला विचारले, "गुरुजी, हिमात पाय रुततो, मग त्यावरून घसरता कसे येते?" शंका रास्त होती.

आपल्याला ठाऊक असतो तो सरबताच्या गाडीवरचा टणक बर्फ. काश्मीरात भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर पडणारे हिम निराळे. ते षट्कोनी स्फटिकांच्या रूपाने उतरते. कडाक्याच्या थंडीत ते कोरडे, पिठासारखे राहते आणि त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग निव्वळ हवाच असते! दादरच्या चौपाटीवर कोरड्या वाळूत टाच रुतते. पण फळी टाकून तिच्यावर उभे राहा, रुतणार नाही. शरीराचा भार अधिक जागेवर पसरतो. पायांना बांधलेल्या स्कीच्या लांब पट्ट्या हेच काम करतात.

अशा हिमात पडले तरी फारसे लागत नाही. धोका निराळाच आहे. जुन्या थरावर नवे हिम साचले की दोहोंची पकड कच्ची राहते. तीव्र उतारावर एका माणसाच्या भारानेही वरचा थर सुटतो, आणि हिमस्खलन होते. त्याखाली गाडल्या गेलेल्याची जगण्याची आशा पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. म्हणून मोठ्या हिमवृष्टीनंतर उंचावरचे उतार काही काळ बंद ठेवतात.

"म्हणजे इतक्या दूर जाऊन नुसते बसायचे?" थोरला हिरमुसला.

"वाटाड्या सांगेल तोवर बसायचे," मी म्हणालो.