आभासी रंगमंच आणि विद्यार्थ्यांचा लघुपट

तापीकाठच्या सुरत शहरात १८६३ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे नाव चित्रपटाच्या संदर्भात क्वचितच घेतले जाते. तथापि भारतीय चित्रपटाच्या उगमाशी त्यांचा जवळचा संबंध आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन झाले, तेव्हा त्याची धुरा गज्जर यांच्याकडे होती. याच कलाभवनात त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रण व ठसे तयार करण्याची विद्या आत्मसात केली. तांत्रिक ज्ञान सामान्य कारागिराच्या मुलापर्यंत त्याच्या भाषेतून पोहोचले पाहिजे, असा गज्जर यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी परिभाषा व पुस्तके तयार करण्याचे कार्य हाती घेतले होते.

आज चित्रपटातील दृश्यचमत्कृतींचे, म्हणजे व्यवसायात ज्यांना व्हीएफएक्स म्हणतात त्यांचे, एक नवे साधन पुढे आले आहे. त्यास आभासी रंगमंच असे म्हणता येईल. हे साधन कसे चालते आणि मोठी यंत्रसामग्री नसतानाही शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना त्याचे तत्त्व वापरून लघुपट कसा करता येईल, याची माहिती येथे देण्यात येत आहे.

रंगविलेल्या पडद्यापासून प्रकाशाच्या भिंतीपर्यंत

नटाच्या मागे नसलेले स्थळ उभे करणे ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. संगीत नाटकांत राजवाडा, अरण्य वा नदीतीर रंगविलेल्या पडद्यावर अवतरत असे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे असे पडदे रंगविता रंगविताच चित्रपटाकडे वळले. फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची एकेक चौकट दिवसांमागून दिवस टिपून अंकुराची वाढ काही क्षणांत दाखविली. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांत त्यांनी कॅमेऱ्याच्या क्लृप्त्यांनी पुराणातील अद्भुत प्रसंग साकार केले. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. मात्र कोणती चौकट केव्हा व किती वेळ टिपावयाची याचा काटेकोर हिशेब होता.

परदेशात नटाच्या मागील पडद्यावर आधीच चित्रित केलेले दृश्य पाठीमागून प्रक्षेपित करण्याची पद्धत रूढ झाली. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये तिचा उपयोग झाला होता. त्यानंतर निळ्या व हिरव्या पडद्याची पद्धत सर्वत्र पसरली. नटामागे एकरंगी कापड लावून चित्रण करावयाचे आणि मागाहून तो रंग काढून त्या जागी हवे ते दृश्य बसवावयाचे, अशी ही रीत आहे. ती स्वस्त व उपयुक्त असली, तरी तिच्यात तीन अडचणी येतात. नटाला समोर काही दिसत नाही. कापडाचा हिरवा रंग केसांवर, ओल्या त्वचेवर, काचेवर व पितळी भांड्यावर उतरतो. शिवाय नटावरील प्रकाश व मागाहून बसविलेल्या दृश्यातील प्रकाश यांचा मेळ बसत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही, तरी दृश्य खोटे असल्याचे त्याला जाणवते.

आभासी रंगमंच म्हणजे काय

आभासी रंगमंचावर कापडाच्या जागी बारीक प्रकाशदिव्यांची, म्हणजे एलईडीची, भिंत असते. सभासमारंभांत दिसणाऱ्या मोठ्या विद्युत्पडद्याचीच ती सुधारलेली आवृत्ती होय. २०१९ साली प्रदर्शित झालेल्या ‘द मँडलोरियन’ या अमेरिकन मालिकेसाठी अशी सुमारे २० फूट उंचीची वळणदार भिंत उभारण्यात आली होती. तिच्या आतील जागेचा व्यास ७५ फूट होता. भारतात हैदराबादच्या अन्नपूर्णा स्टुडिओत २०२२ मध्ये असा रंगमंच सुरू करण्यात आला.

केवळ मोठे चित्र लावल्याने मात्र काम भागत नाही. एस.टी.च्या खिडकीतून पाहताना जवळची झाडे वेगाने मागे पळतात, दूरचा डोंगर मात्र बराच वेळ सोबत राहतो. डोळा या फरकावरूनच अंतर ओळखतो. सपाट चित्रासमोर कॅमेरा हलविला, तर झाड व डोंगर एकाच गतीने सरकतात आणि भिंत उघडी पडते. म्हणून आभासी रंगमंचावर कॅमेऱ्याची जागा व दिशा क्षणोक्षणी मोजली जाते. संगणकीय खेळांसाठी निर्माण झालेली ‘अनरिअल इंजिन’सारखी प्रणाली त्या मोजमापानुसार त्रिमितीय दृश्य तत्काळ नव्याने रेखाटते. कॅमेऱ्याला दिसणारा भागच असा बदलत राहतो. भिंतीचा उरलेला भाग स्थिर राहून नटावर प्रकाश टाकण्याचे काम करतो.

या पद्धतीचा खरा लाभ प्रकाशात आहे. भिंतीवर सायंकाळचे आकाश असेल, तर नटाच्या गालावर तोच तांबूस प्रकाश पडतो आणि त्याच्या हातातील तांब्यात तेच आकाश उमटते. मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. भिंत हा मोठा व पसरट प्रकाशस्रोत असल्याने तिच्यातून ढगाळ दिवसाचा सौम्य प्रकाश उत्तम मिळतो. दुपारचे कडक ऊन व त्याची रेखीव सावली मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र दिवे लागतात.

एक उदाहरण

कल्पना स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण घेऊ. सुरतेत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत मराठी माध्यमाचीही सोय आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला, शहराचा फार मोठा भाग जलमय झाला आणि असंख्य कुटुंबांना वरच्या मजल्यांवर आश्रय घ्यावा लागला. आजच्या शाळकरी मुलांचा जन्म त्यानंतरचा असल्याने त्यांना हा पूर केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ठाऊक आहे.

समजा, अशा विद्यार्थ्यांनी या पुरावर पाच मिनिटांचा लघुपट करावयाचे ठरविले. आजी व नातू वरच्या मजल्यावरील खिडकीशी बसून चढते पाणी पाहत आहेत, एवढाच प्रसंग आहे. खऱ्या पुरात मुलांना नेऊन चित्रण करणे अशक्य व अक्षम्य ठरेल. खिडकीबाहेरील पाणी आभासी रंगमंचावर दाखविणे मात्र शक्य आहे. पावसाळी आकाशाचा सौम्य प्रकाश या भिंतीच्या प्रकृतीला मानवणाराही आहे. ज्या साधनाने जे चांगले साधते तोच प्रसंग निवडणे, ही विद्यार्थी-दिग्दर्शकाची पहिली परीक्षा होय.

आधीची तयारी

हिरव्या पडद्याच्या पद्धतीत पार्श्वभूमीचा निर्णय चित्रीकरणानंतर घेता येतो. आभासी रंगमंचावर चित्रीकरणाच्या दिवशी खिडकीबाहेरील दृश्य पूर्ण तयार असावेच लागते. कामाचा भार मागून पुढे सरकतो. म्हणून विद्यार्थ्यांनी पुढील क्रम ठेवणे इष्ट होय.

प्रथम संहिता निश्चित करावी. पूर अनुभवलेल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाण्याचा रंग, वाहत आलेल्या वस्तू, आवाज व काळोख यांची नोंद घ्यावी. दुसरे, प्रत्येक दृश्याचे लहान रेखाचित्र काढून त्याखाली दिवसाची वेळ, प्रकाशाची दिशा व कॅमेऱ्याची जागा लिहावी. तिसरे, पार्श्वभूमीचे दृश्य तयार करावे. त्यासाठी ‘ब्लेंडर’ ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे, तसेच शिक्षणासाठी ‘अनरिअल इंजिन’ही विनाशुल्क वापरता येते. महापुरात सापडलेल्या एका मांजराची कथा सांगणारा लॅटव्हियातील ‘फ्लो’ हा चित्रपट ‘ब्लेंडर’वरच तयार झाला आणि मार्च २०२५ मध्ये त्यास सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. चौथे, प्रत्यक्ष वस्तू व भिंतीवरील चित्र यांचा सांधा ठरवावा. खिडकीची चौकट, गज, उंबऱ्यावरील कंदील व ओले कपडे खरे असावेत. दूरची छपरे व पाणी तेवढे चित्रातील असावे. डोळा जवळच्या खऱ्या वस्तूंवर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासावर दूरचे चित्रही खरे मानतो.

मोठी भिंत नसताना

एलईडी भिंत भाड्याने घेणे बहुतेक शाळांना परवडणारे नाही. तथापि तिचे तत्त्व घरातील दूरचित्रवाणी संचावरही प्रत्ययास येते. ५५ इंची संचाचा पडदा सुमारे चार फूट रुंद व सव्वादोन फूट उंच असतो. त्याच्यापुढे तीन फुटांवर दोन फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी लाकडी खिडकी उभी करावी आणि खिडकीपासून सहा फुटांवर कॅमेरा ठेवावा. समरूप त्रिकोणांच्या नियमाप्रमाणे खिडकीतून पडद्याची दिसणारी रुंदी २ × ९ ÷ ६ म्हणजे तीन फूट भरते. पडदा चार फूट असल्याने त्याच्या कडा दिसत नाहीत. उंचीचा हिशेब विद्यार्थ्यांकडून याच रीतीने करवून घ्यावा.

कॅमेऱ्याची हालचाल मोजणारी यंत्रणा येथे नसल्याने कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवावा. पात्रे खिडकीच्या अलीकडे, बाजूने चेहरा दिसेल अशी बसवावीत आणि खोलीतील इतर दिवे मंद करावेत, म्हणजे पडद्याचा प्रकाश चेहऱ्यावर दिसू लागेल. पडदा किंचित अस्पष्ट दिसेल असे भिंग साधावे. तो अगदी स्पष्ट ठेवल्यास त्याच्या ठिपक्यांची जाळीदार नक्षी चित्रात उमटते. चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना आढळल्यास कॅमेरा व पडदा यांचा वेग जुळत नाही असे समजावे. पडदा सेकंदास ५० वेळा चित्र बदलत असेल, तर कॅमेरा सेकंदास २५ चौकटींवर व उघडझाप १/५० सेकंदावर ठेवल्याने हा दोष बहुधा जातो.

सर्व जोडणी झाल्यावर मुख्य चित्रीकरणापूर्वी एक मिनिटाचे चाचणीचित्रण घेऊन ते मोठ्या पडद्यावर पाहावे. पुष्कळ दोष कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर दिसत नाहीत. पाण्याचा व पावसाचा आवाज स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावा. प्रेक्षकाला पूर अर्धा डोळ्यांनी तर अर्धा कानांनी जाणवतो.

या कामात विषयांच्या भिंती आपोआप गळून पडतात. संहितेसाठी भाषा, प्रकाशासाठी भौतिकशास्त्र, अंतरासाठी भूमिती, नदी व धरणासाठी भूगोल आणि खिडकीसाठी सुतारकाम लागते. त्यामुळे चित्रकलेत मागे असलेल्या, परंतु मोजमापात तरबेज असलेल्या मुलालाही येथे महत्त्वाचे स्थान मिळते.

भास आणि सत्य

या साधनाबरोबर एक जबाबदारीही येते. चार फुटांच्या पडद्यावर महापूर दाखविता येतो, तसाच न आलेला पूरही दाखविता येतो. आपत्तीच्या वेळी खोटी चित्रे भ्रमणध्वनीवरून पसरल्यास लोक चुकीच्या दिशेने धाव घेतात व मदतकार्यात अडथळे येतात. म्हणून विद्यार्थ्यांच्या लघुपटात पुराची दृश्ये पुनर्निर्मित असल्याचे प्रारंभीच स्पष्ट लिहावे. खऱ्या पुराचे छायाचित्र वापरल्यास त्याचे स्थळ, दिनांक व छायाचित्रकाराचे नाव द्यावे आणि त्याची अनुमती घ्यावी.

ज्या मुलाने स्वतःच्या हाताने असा भास निर्माण केला, तो दुसऱ्याने निर्माण केलेला भास लवकर ओळखतो. गालावरील प्रकाश व आकाशातील प्रकाश एका दिशेचा आहे काय, भांड्यातील प्रतिबिंब समोरच्या दृश्याशी जुळते काय, असे प्रश्न त्यास सुचू लागतात. गावोगावी आज या दृष्टीची गरज आहे. चित्रे घडविणारी साधने जितकी सुलभ होतील, तितकी ती वाढणार आहे.

फाळके यांनी १९१७ साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा माहितीपट काढला आणि आपल्या व्यवसायातील रहस्ये लोकांपुढे उघड केली. चमत्कार दाखविणाऱ्याने तो कसा घडला हेही सांगावे, हा त्यातील धडा आहे. या विद्येच्या उच्च शिक्षणासाठी २०२५ मध्ये मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आहे. अशा संस्थेच्या दारापर्यंत लिंबायतच्या वा धुळ्याच्या मुलाला पोहोचावयाचे असेल, तर प्रकाश, कोन व अंतर यांचा पहिला पाठ त्याला त्याच्या शाळेत आणि त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे. एक खिडकी, एक दूरचित्रवाणी संच आणि काळजीपूर्वक केलेला हिशेब एवढ्या सामग्रीवर शिक्षकांना तो पाठ देता येण्यासारखा आहे.