जादूगार नको, कॅल्क्युलेटर काढा

कंपनीच्या गेट-टुगेदरची आखणी करणाऱ्यांपुढे दरवर्षी तोच पेच असतो. अंताक्षरी झाली, तंबोला झाला, जेवण लागायला अजून अर्धा तास आहे, तो भरायचा कशाने? मग कुणाला तरी आठवतं की अकाउंट्समधल्या अमक्याला पत्त्यांची जादू येते. पण माझ्या मते ऑफिसातल्या घोळक्यात हातचलाखीचे खेळ सहसा रंगत नाहीत. हातचलाखीला दोन गोष्टी लागतात: वर्षानुवर्षांचा सराव आणि एक बकरा. हौशी माणसाकडे सराव नसतो, आणि बकऱ्याचा प्रश्न त्याहून नाजूक असतो. नाट्यगृहात जादूगार ज्याला वर बोलावतो त्याची पुन्हा गाठ पडत नाही. इथे मात्र सोमवारी शेजारी बसायचं असतं. साहेबांनाच बकरा केलं तर हसावं की नाही हे लोक त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात. नवीन आलेल्या ट्रेनीला केलं तर तो कसनुसा हसतो आणि घरी जाऊन चरफडतो. म्हणून अशा ठिकाणी करणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून नसलेले, गणिताच्या जोरावर आपोआप घडणारे आणि सगळ्या हॉलला एकदम खेळता येणारे प्रयोग करावेत.

यातला सर्वांत देखणा प्रयोग आपल्याच मातीतला आहे. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी शोधलेली ६१७४ ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिल्यावर तिचा बोलबाला झाला. प्रत्येकाने आपल्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे घ्यायचे. चारही सारखे नसले की झालं. ते आकडे उतरत्या क्रमाने लावून जी संख्या होते, तिच्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच. समजा आकडे २०१८ आहेत: ८२१० वजा ०१२८ म्हणजे ८०८२, मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२, मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक जण तिथे पोहोचतो. आधीच बंद पाकिटात ही संख्या लिहून ते एखाद्याच्या खिशात ठेवलेलं असलं की काम फत्ते. एकच दक्षता घ्यायची: उत्तर तीन आकडी आलं तर पुढचं शून्य सोडायचं नाही, हे दोनदा बजावावं. २१११ घेणाऱ्याला पहिल्याच फटक्यात ९९९ मिळतात. त्याने ते ०९९९ असे धरले नाहीत तर पुढचं उत्तर शून्य येतं आणि ‘माझं चुकलं’ म्हणत तो गप्प बसतो.

हे का घडतं? वजाबाकीत चारही आकडे वेगवेगळे महत्त्वाचे नसतात. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यातलं अंतर, आणि मधल्या दोघांतलं अंतर, एवढ्यावरच उत्तर ठरतं. त्यामुळे ९९९० संभाव्य संख्या पहिल्याच पायरीला फक्त ५४ उत्तरांत गोळा होतात. शंभर माणसं शंभर वाटांनी निघाल्यासारखी वाटतात, पण पहिल्या वळणावरच गर्दी एकवटलेली असते.

दुसरा प्रयोग वाढदिवसांचा. ‘या हॉलमध्ये दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला आहे’ असं छातीठोकपणे जाहीर करायचं आणि जानेवारीपासून एकेक महिना पुकारत जायचं. वर्ष विचारायचं नाही, म्हणजे वयाचा विषयच निघत नाही. वर्षाचे दिवस ३६५, मग निदान पावणेदोनशे माणसं हवीत असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात २३ माणसांतच ही शक्यता निम्म्याच्या वर जाते, आणि ५० माणसांत ती सुमारे ९७ टक्के असते. कारण आपण माणसं मोजतो, पण मोजायला हव्यात जोड्या, आणि २३ माणसांत जोड्या होतात २५३. महाराष्ट्रात या खेळाला एक गंमतशीर फाटा आहे. गावाकडच्या शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी सरळ १ जून लिहून टाकत. जुन्या पिढीतले असे ‘एक जूनवाले’ अजून कितीतरी आहेत, आणि सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निवृत्तीच्या हारतुऱ्यांची झुंबड उडते ती याच कारणाने. ज्येष्ठ मंडळी बरीच असतील तर जून महिना यादीत शेवटी पुकारावा. गणिताचं श्रेय गुरुजींनी पळवायला नको.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लोक विरंगुळ्याला आलेत, त्यांना गणिताचा तास कशाला? आक्षेप रास्त आहे, पण लोकांना धास्ती असते ती गणिताची कमी आणि सर्वांदेखत चुकण्याची जास्त. इथे प्रत्येक जण आपापल्या फोनवर, आपल्यापुरता हिशेब करतो, फळ्यापाशी कुणी उभं राहत नाही. वर सांगितलेलं कारणही जेवताना विचारेल त्यालाच सांगावं, माइकवरून नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जादूगार मंडळी म्हणतात, गुपित फोडलं की मजा संपते. हातचलाखीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथलं गुपित म्हणजे बहुधा लपवलेला पत्ता, आणि तो कळल्यावर माणूस थोडा हिरमुसतो. पण प्रत्येक गुपिताला हा नियम लागू नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते कित्येक वर्षं गावोगावी पाण्यावर दिवा पेटवून दाखवतात आणि लगेच त्यामागचं रसायनही सांगतात. तरी लोक उठून जात नाहीत. उलट खरी गर्दी सांगायला सुरुवात झाल्यावरच पुढे सरकते. (ते प्रयोग मात्र हॉटेलच्या हॉलमध्ये नकोत, धुराचे अलार्म वाजतील.) ६१७४ चं गुपित तर असं की ते कळल्यावर माणूस आणखी चार संख्या घेऊन बघतो.

तिसरा आक्षेप असा की पत्त्यांशिवाय जादू वाटतच नाही. पत्तेच हवे असतील तर अमेरिकन गणितज्ञ मार्टिन क्रुस्कल यांच्या नावाने ओळखला जाणारा खेळ घ्यावा. पत्ते कुणाकडूनही पिसून घ्या. प्रत्येकाने मनात एक ते दहामधला एक आकडा धरायचा. पत्ते एकेक करून उताणे टाकत गेलं की त्या क्रमांकाचा पत्ता हा त्याचा पहिला थांबा. त्यावर जितके ठिपके तितकी घरं पुढे पुढचा थांबा. एक्का म्हणजे एक. राजा, राणी, गुलाम म्हणजे पाच. कॅट संपेपर्यंत असं मनातल्या मनात मोजत राहायचं आणि शेवटचा थांबा लक्षात ठेवायचा. करणारा स्वतःही पहिल्या पत्त्यापासून गुपचूप असंच मोजतो आणि शेवटी आपलाच पत्ता जाहीर करतो. दोन मोजण्या एकदा एका पत्त्यावर आल्या की पुन्हा वेगळ्या होऊच शकत नाहीत. वेगवेगळ्या गावांच्या पालख्या वाखरीला एकत्र आल्यावर पुढे पंढरपूरपर्यंतची वाट एकच असते, तसं. एका माणसाचा पत्ता जुळण्याची शक्यता साधारण ८५ टक्के असते. दोन कॅट एकत्र पिसले तर ती आणखी वाढते.

उरलेल्या पंधरा टक्क्यांचं काय, हे आधीच ठरवलेलं बरं. हा खेळ एकट्यादुकट्याला पुढे बोलावून करू नये, सगळ्या हॉलकडून करून घ्यावा आणि ‘ज्यांचा पत्ता हाच होता त्यांनी हात वर करा’ म्हणावं. बहुतेक वेळा हातांचं रान उठतं, आणि न उठलेले हात कुणी मोजत नाही. वाढदिवसाचा खेळ तीस माणसांत केला तर दहांतून तीनदा फसतो. पन्नासच्या खाली माणसं असतील तर छातीठोक विधानाऐवजी पैज लावावी, हरल्यास आइस्क्रीम आपल्याकडून. ६१७४ फसत नाही, म्हणून तो शेवटी ठेवावा. आणि एका गेट-टुगेदरमध्ये तो एकदाच करावा, कारण दुसऱ्या वेळी पाकिटात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं.