पाव मैलाचा हिशेब

अमेरिकेतल्या स्थानिक ड्रॅग स्ट्रिपवर हौशी चालक रोजच्या रस्त्यावरचीच दणकट गाडी पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ पळवतात. बघे आधी अश्वशक्ती विचारतात. वेळ मात्र बरीचशी टायरच्या पकडीवर ठरते. म्हणूनच वेळेच्या चिठ्ठीवर पहिल्या ६० फुटांची नोंद वेगळी असते. तिथे चाकं जागच्या जागी फिरली, तर वाया गेलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत वाढत जातो. त्यासाठीच टायर तापवायचे, त्यांतली हवा थोडी उतरवायची. मग शक्ती निरर्थक का? नाही, ती शेवटच्या वेगात दिसते. वेग भरपूर आणि वेळ सुमार असेल, तर इंजिनाला दोष न देता सुरुवात तपासावी.

पैसेवालाच जिंकणार, हा आक्षेपही ब्रॅकेट शर्यतीत टिकत नाही. तिथे प्रत्येक जण आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करतो, मंद गाडीला तेवढ्या फरकाने हिरवा दिवा आधी मिळतो, आणि जाहीर वेळेपेक्षा जास्त जलद धावणं उलट अंगाशी येतं. प्रतिक्रियेचा वेळ धावेच्या वेळेत मोजत नाहीत, पण निकाल तोच फिरवतो. त्यामुळे जुनी सेडानही आठशे अश्वशक्तीच्या गाडीला हरवू शकते.