खिशातला कॅमेरा घ्यायचाय? आधी पत्त्यांचे दोन कॅट घ्या!

गेल्या वर्षी बाबांनी कराडमधलं शिलाईचं दुकान बंद केलं. ३१ वर्षं चाललेलं दुकान. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी तिथेच होतो. बाबा मशीनवर बसून शेवटच्या गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करत होते. डोक्यावर एकच ट्यूबलाइट. मी फोन काढला, पाच-सहा फोटो घेतले. स्क्रीनवर झकास दिसले. फॅमिली ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी बदाम पाठवले.

महिन्याभराने त्यातला एक फोटो १२ बाय १८ इंचात छापून फ्रेम करायला दिला. प्रिंट हातात आली आणि माझा चेहरा पडला. बाबांच्या कपाळावरच्या सुरकुत्या गायब, चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा. आणि कापड पुढे सरकवणारी बोटं? त्या जागी नुसता धुरकट पट्टा. ३१ वर्षं ज्या हातांनी घर चालवलं, नेमके तेच हात फोटोत नव्हते.

गंमत म्हणजे माझ्याकडे डीएसएलआर आहे, पहिल्या नोकरीच्या बोनसमधून घेतलेला. त्या दिवशी तो पुण्यात कपाटात होता. दोन दिवसांसाठी एसटीने जायचं, ती बॅग कोण उचलणार?

दुकान परत उघडून तो फोटो परत काढता येणार नव्हता. म्हणून कायम सोबत राहील असा छोटा कॅमेरा शोधायला घेतला. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे रिव्ह्यू बघण्याआधी गणित मांडलं. तेच इथे सांगतो. तुमचे पैसे वाचतील, किंवा निदान योग्य ठिकाणी तरी जातील.

फोनने नेमकं काय केलं?

पहिली गोष्ट, दोष मेगापिक्सेलचा नव्हता. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल. तो १८ इंचांवर पसरला तरी इंचाला २२२ पिक्सेल मिळतात. भिंतीवरच्या फ्रेमला तेवढे पुरतात.

खरी अडचण प्रकाशाची. फोनचा सेन्सर छोटा, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत त्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि फोटोत दाणे दिसायला लागतात. त्यालाच आपण नॉइज म्हणतो. यावर फोनने शोधलेला उपाय भारी आहे. आपण एकदा बटण दाबतो, तो एकामागोमाग अनेक फ्रेम घेतो, एकमेकांवर जुळवतो आणि सरासरी काढतो. नॉइज प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, म्हणून सरासरीत तो दबतो. चार फ्रेम घेतल्या की साधारण निम्मा होतो.

पण हे चालतं समोरची वस्तू स्थिर असेल तर. देऊळ, इमारत, जेवणाचं ताट, एकदम मस्त. हलणारी बोटं मात्र प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात. सॉफ्टवेअरला ती नीट जुळवता येत नाहीत. मग एक तर त्या भागापुरती एखादीच फ्रेम वापरली जाते, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळून जातं. वर उरलेला नॉइज पुसताना बारीक सुरकुत्याही पुसल्या जातात, कारण दाणा कुठला आणि सुरकुती कुठली हे कमी प्रकाशात ओळखणं अवघड.

म्हणजे कॅमेरा घ्यायचा तो एकाच क्लिकमध्ये जास्त प्रकाश गोळा करणारा. आता हे मोजायचं कसं?

एक छोटं सूत्र

लेन्सवर एफ/१.८, एफ/२.८ असं लिहिलेलं असतं. हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. सूत्र असं: सेन्सरचं क्षेत्रफळ (चौरस मिलिमीटरमध्ये) भागिले एफच्या आकड्याचा वर्ग. जे उत्तर येईल ते एका क्लिकमध्ये, तेवढ्याच वेळात, एकूण किती प्रकाश जमा होईल याचं माप. तुलनेपुरतं ते पुरेसं आहे.

एक सापळा आधीच सांगतो. "१ इंच सेन्सर" एक इंचाचा नसतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून हे नाव आलंय. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिमी असतो, कर्ण जेमतेम १६ मिमी. म्हणून जाहिरातीतले इंच सोडा आणि मिलिमीटर शोधा.

आता आकडे:

• चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा (सुमारे ७२ चौ. मिमी, एफ/१.७): २५
• जुना, साधा डिजिकॅम (२८ चौ. मिमी, साधारण एफ/३.३): २.६
• सोनी आरएक्स१०० मार्क ३ (१ इंच प्रकार, ११६ चौ. मिमी, एफ/१.८): ३६
• रिको जीआर ३ (एपीएस-सी, सुमारे ३६७ चौ. मिमी, एफ/२.८): ४७
• फुजीफिल्म एक्स१०० सहावी आवृत्ती (एपीएस-सी, एफ/२): ९२

दुसरी ओळ नीट बघा. सध्या जुन्या डिजिकॅमची हवा आहे. फ्लॅश मारून पार्टीचे फोटो काढायचे, तो "जुना लूक" हवा, तर जरूर घ्या. पण तो फोनपेक्षा अंधारात चांगला चालेल असं कुणी सांगितलं, तर हा आकडा दाखवा.

पहिली आणि तिसरी ओळही बघा. २५ आणि ३६. एवढ्याशा फरकासाठी पैसे घालायचे? मीही इथे अडकलो होतो. पण ही तुलना झूम न करता आहे. आरएक्स१०० मार्क ३ चं झूम २४ ते ७० मिमी. पूर्ण झूमला त्याचा एफ आकडा २.८ होतो आणि उत्तर येतं १५. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातून तेवढंच जवळचं दृश्य हवं असेल, तर मधला तुकडा कापावा लागतो. सेन्सरचा साधारण साडेआठवा हिस्साच वापरला जातो. २५ चे राहतात ३! म्हणजे कॅमेऱ्याला पाचपट प्रकाश. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असली तर फरक कमी होतो, पण तिच्यामागचा सेन्सर बहुतेक वेळा मुख्य सेन्सरपेक्षा लहानच असतो.

थोडक्यात, मोठं दृश्य टिपायला फोन फार मागे नाही. माणसाचा चेहरा, हात, जवळचं काम टिपताना मात्र तो मार खातो.

तुम्ही कुठून बघता?

म्हणून पुढचा प्रश्न हा, की तुम्ही नक्की काय टिपता? याचं उत्तर तुमच्या गॅलरीतच आहे. प्रत्येक फोटोसोबत त्याची माहिती साठवलेली असते, त्यात फोकल लेंथही असते. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून माझे सगळे फोटो मोजले. तुम्हाला स्क्रिप्टची गरज नाही. जे फोटो छापून भिंतीवर लावावेसे वाटतात असे ५० निवडा आणि त्यांची माहिती उघडून बघा. फक्त आवडतेच निवडा हं, कारण कॅमेरा उघडला की १एक्सच समोर येतं, त्यामुळे सगळे मोजले तर १एक्स उगाच जिंकतं.

बहुतेक फोनवर १एक्स म्हणजे साधारण २४ मिमी, २एक्स म्हणजे ४८, ३एक्स म्हणजे ७२. माझे आवडते निम्म्याहून जास्त फोटो २एक्स आणि ३एक्सच्या मधले निघाले. सगळी माणसं. चहा गाळणारी आई, पत्ते पिसणारा मामा.

यावरून निवड सोपी होते:

• जास्त फोटो १एक्सचे: रिको जीआर ३. लेन्स २८ मिमीच्या बरोबरीची, झूम नाही.
• २एक्सच्या आसपास: त्याचाच भाऊ जीआर ३एक्स, ४० मिमीच्या बरोबरीचा.
• १एक्स ते ३एक्स मिसळ: आरएक्स१०० मार्क ३, किंवा कॅनन जी७एक्स मार्क २ (२४ ते १०० मिमी, सेन्सर त्याच आकाराचा). कॅननची स्क्रीन उलटी फिरते, व्हिडिओ करणाऱ्यांना ते सोयीचं.
• पक्षी, क्रिकेटची मॅच: खिशातल्या कॅमेऱ्याचं हे काम नाही. सरळ मोठा घ्या.

बिनझूमच्या कॅमेऱ्याची भीती वाटत असेल, तर आठवडाभर फोनवर एकच झूम ठेवून फोटो काढा. चिडचिड झाली तर झूमवाला घ्या.

पत्त्यांची परीक्षा

मग ९२ वाला फुजीफिल्मच का नको? माझंही मन तिथेच अडकलं होतं. पण माझा डीएसएलआर आकड्यांत कमी नव्हताच, तो कपाटात होता.

हे दुखणं जुनं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रतज्ज्ञ होता. त्याला दम्याचा त्रास. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन भटकणं त्याला झेपेना. त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरून हातात मावणारा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो लायका नावाने बाजारात आला. मोठ्या प्लेटच्या तुलनेत त्याची फिल्म इवलीशी होती, पण कॅमेरा सोबत असायचा.

तर तुमची परीक्षा अशी. पत्त्यांचे दोन कॅट एकावर एक ठेवा, वर १० रुपयांची डझनभर नाणी ठेवून चिकटपट्टीने बांधा. एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. हे गाठोडं जवळपास आरएक्स१०० मार्क ३ एवढं होतं. त्याची जाडी ४१ मिमी, वजन २९० ग्रॅम. जीआर ३ त्याहून सडपातळ, ३३ मिमी आणि २५७ ग्रॅम. फुजीफिल्मसाठी तिसरा कॅट जोडा आणि वजन ५२१ ग्रॅमपर्यंत न्या. आता दोन आठवडे घराबाहेर पडताना ते सोबत ठेवा. ऑफिस, भाजी, बाइक, सगळीकडे.

माझं तीन कॅटचं गाठोडं चौथ्या दिवशी टेबलावर राहिलं. दोन कॅटचं जीन्सच्या खिशात बाइकवर मांडीला रुतायचं, पण सॅकच्या पुढच्या कप्प्यात दोन आठवडे टिकलं. ऑफिसात "काय रे, रमीचा अड्डा चालवतोस का?" असं ऐकून घेतलं, पण लाखाच्या पुढचा खर्च वाचला.

जुना घेताना

मी आरएक्स१०० मार्क ३ वापरलेला घेतला. तो २०१४ चा आहे, म्हणून तपासून घेणं आलं. तुम्हीही हे बघा:

• पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/८ किंवा एफ/११ वर काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. खिशातल्या कॅमेऱ्यांत ही तक्रार नेहमीची, आणि लेन्स निघत नसल्यामुळे घरी साफ करता येत नाही.
• दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स बाहेर येताना अडखळत किंवा कुरकुरत असेल तर नमस्कार करून निघा.
• विटांच्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा धूसर असेल तर कॅमेरा कधीतरी पडलाय.
• बॅटरी फुगलेली नाही ना? नवी मिळते का? जीआर ३ ची बॅटरी तर साधारण २०० फोटोंतच संपते, दुसरी जवळ ठेवावीच लागते.
• चार्जिंगचं तोंड बघा. जीआर ३ ला टाइप-सी चालते. मार्क ३ ला जुनी मायक्रो यूएसबी लागते.
• वायफायने फोटो तुमच्या फोनवर येतात का, हे विकणाऱ्यासमोरच करून बघा. नाहीतर फोटो कार्डातच राहतील.

कुणी घेऊ नये?

फोटो फक्त स्टेटसला टाकायचे असतील, बहुतेक दिवसाउजेडी काढत असाल, किंवा पत्त्यांचं गाठोडं आठवड्यातच घरी विसरलात, तर घेऊ नका. फोनची लेन्स रुमालाने पुसा आणि कमी प्रकाशात माणसाला खिडकीजवळ बसवा. फुकटात बराच फरक पडतो.

बाबा आता घरीच थोडंफार काम करतात. मशीन खिडकीपाशी ठेवलंय. दिवाळीत गेलो तेव्हा कॅमेरा सॅकमध्येच होता. थोडं झूम केलं, शटर १/२५० सेकंदावर ठेवलं, एकच क्लिक. पुण्यात येऊन त्याच मापात प्रिंट काढली आणि पुढच्या फेरीला नेऊन दिली. सुरकुत्या आल्या, नखं आली, बोटाखालचा दोरासुद्धा आला. दुकानाचा फोटो काही सुधारला नाही, तो तसाच धुरकट भिंतीवर आहे. त्याच्या शेजारी हा लावायचा म्हणून बाबांच्या हातात दिला.

बाबांनी चष्मा वर केला, प्रिंट डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघितली. म्हणाले, "हा टाका जरा तिरका गेलाय की रे."