गोल्डा मेयर : दंतकथा आणि दस्तऐवज

इस्रायलच्या चौथ्या पंतप्रधान गोल्डा मेयर मराठी वाचकाला परक्या नाहीत. वीणा गवाणकरांनी ‘गोल्डा : एक अशांत वादळ’ हे त्यांचे चरित्र मराठीत आणले आहे. पण चरित्र वाचणारे थोडे आणि ऐकीव गोष्टी पुढे सरकवणारे फार. त्या गोष्टींतली गोल्डा एकतर शत्रूला धडकी भरवणारी पोलादी आजीबाई असते, नाहीतर १९७३ च्या युद्धात देशाला गाफील ठेवणारी हेकट बाई. या दोन्ही चित्रांवर माझा आक्षेप आहे. त्यांच्या कारभाराचे दस्तऐवज आता बऱ्याच प्रमाणात खुले झाले आहेत आणि त्यांतून दिसणारी बाई या दोन्हींपेक्षा वेगळी आहे.

‘त्या जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान’

तो मान श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके यांचा, जुलै १९६०. त्यानंतर जानेवारी १९६६ मध्ये इंदिरा गांधी. गोल्डा मेयर १७ मार्च १९६९ रोजी पदावर आल्या, म्हणजे तिसऱ्या. त्यांचे वेगळेपण क्रमांकात नाही. बंदरनायके पतीच्या हत्येनंतर राजकारणात उतरल्या आणि इंदिराजी नेहरूंच्या कन्या. गोल्डांचे वडील सुतारकाम करत, नवरा पाट्या रंगवत असे. घराण्याचा आधार नसताना, पक्षात चाळीस वर्षे काम करून त्या तिथवर पोचल्या होत्या.

आणि त्या निवडून आल्या त्याही तडजोडीच्या उमेदवार म्हणून, हे सहसा सांगितले जात नाही. २६ फेब्रुवारी १९६९ रोजी पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचे निधन झाले. मोशे दायान आणि यिगाल आलोन या दोघांतल्या चुरशीत पक्ष फुटेल अशी धास्ती होती. म्हणून सत्तर वर्षांच्या, निवृत्तीकडे वळलेल्या गोल्डांना तात्पुरते बसवले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली आणि त्यांच्या आघाडीला १२० पैकी ५६ जागा मिळाल्या. इतक्या जागा इस्रायलमध्ये कुठल्याही यादीला ना त्याआधी मिळाल्या होत्या, ना त्यानंतर मिळाल्या.

‘त्या मूळच्या अमेरिकन’

जन्म कीव्हचा, ३ मे १८९८, रशियन साम्राज्यातला. ज्यूंवर जमाव चालून येणार अशी आवई उठल्यावर वडील घराच्या दारावर फळ्या ठोकत होते, ही त्यांची अगदी लहानपणची आठवण. कुटुंब १९०६ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला गेले. तिथे आई किराणा दुकान चालवी. पहाटे आई बाजारात माल आणायला गेली की आठ वर्षांची गोल्डा गल्ल्यावर बसे आणि रोज शाळेत उशिरा पोचे. चौदा-पंधराव्या वर्षी आईवडिलांनी तिच्याहून पुष्कळ मोठ्या माणसाशी लग्नाचे बोलणे सुरू केले, तेव्हा ती घर सोडून थोरल्या बहिणीकडे डेन्व्हरला निघून गेली. १९२१ मध्ये नवऱ्यासह पॅलेस्टाइन गाठले. मेरहाव्या किबुत्सने (सामूहिक शेतवसाहतीने) या जोडप्याला आधी नाकारले होते. नंतर तिथेच गोल्डाने बदाम तोडले, कोंबड्या सांभाळल्या. पुढे जेरुसलेममध्ये इतकी ओढाताण झाली, की मुलाच्या बालवाडीची फी भागवण्यासाठी त्या बालवाडीचे कपडे धुऊन देत.

‘बेन-गुरियन यांच्या मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष’

हे वाक्य इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या नावावर खपते. खुद्द गोल्डांनी आत्मचरित्रात या किश्शाच्या खरेपणाची हमी घेतलेली नाही. बाईची थोरवी सांगायला तिला पुरुष ठरवावे लागते आणि सांगणाऱ्याला ही सर्वोच्च स्तुती वाटते, याचेच त्यांना नवल वाटले होते. मलाही हे वाक्य खटकते ते याचसाठी, की त्याच्या आड त्यांचे खरे काम झाकून जाते.

जानेवारी १९४८. युद्ध दारात, शस्त्रांना पैसा नाही. ज्यू एजन्सी या पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेच्या खजिनदारांच्या मते अमेरिकेतून फार तर सत्तर-ऐंशी लाख डॉलर मिळाले असते. बेन-गुरियन स्वतः निघाले होते. तुमची इथे गरज आहे, असे सांगून गोल्डा गेल्या. शिकागोत अमेरिकन ज्यू संस्थांच्या परिषदेत त्या बोलल्या, तेव्हा वक्त्यांच्या यादीत त्यांचे नावही नव्हते. तिथून गावोगाव फिरून त्यांनी सुमारे पाच कोटी डॉलर उभे केले. ‘एका भाषणात पाच कोटी’ हीसुद्धा दंतकथाच. त्यामागे काही आठवड्यांची वणवण होती. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्यघोषणेवर सही करणाऱ्या ३७ जणांत दोन स्त्रिया होत्या, त्यांतल्या एक गोल्डा.

१९४९ ते १९५६ त्या मजूरमंत्री होत्या. माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम याच काळातले. लाखो निर्वासित तंबूंत आणि पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते. त्यांच्यासाठी घरे बांधणे, रस्त्यांच्या कामावर रोजगार देणे, १९५३ चा राष्ट्रीय विमा कायदा, बाळंतपणाची रजा ही सगळी त्यांच्या खात्याची कामे. युद्धकथांच्या गर्दीत हे कुणी सांगत नाही.

‘आलेल्या प्रत्येक ज्यूला इस्रायलने सारख्याच मायेने जवळ केले’

याचे उत्तर कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंना विचारावे. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी भेदभावाला कंटाळून ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणून धरणे धरले, आणि काही कुटुंबे खरोखर परत आली. पुढे धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाची चौकशी सुरू केली. मोठे आंदोलन झाल्यावर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेला ठराव करावा लागला, की बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. तेव्हा पंतप्रधान एश्कोल होते आणि गोल्डा परराष्ट्रमंत्री.

हा दोष एका माणसाच्या माथी मारता येणार नाही. पण गोल्डांच्या पिढीचे राज्यकर्ते युरोपातून आलेले होते आणि आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांची घुसमट त्यांना उमगत नव्हती, हे खरे. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतल्या, बहुतेक मोरोक्कन कुळातल्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर्स’ नावाने मोर्चे काढले. गोल्डांनी त्यांची भेट घेतली आणि नंतर ही काही चांगली मुले नाहीत, असा शेरा मारला. ज्यांच्यासाठी घरे बांधली त्यांचीच मुले का चिडली आहेत, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता.

‘१९७१ मध्ये इस्रायलने मदत केली, म्हणजे इंदिरा-गोल्डा मैत्री होती’

मदत झाली, हे खरे. बांगलादेश युद्धाच्या आधी इस्रायलने भारताला उखळी तोफा आणि दारूगोळा दिला. इंदिरा गांधींचे सचिव पी. एन. हक्सर यांच्या कागदपत्रांवरून इतिहासकार श्रीनाथ राघवन यांनी ते मांडले आहे. पण गोल्डांनी त्याच वेळी राजनैतिक संबंधांची अपेक्षाही कळवली होती. ती पुरी झाली नाही. १९७५ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले ते पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला जानेवारी १९९२ उजाडले. दोन्ही बाजू आपापले हित पाहत होत्या.

‘योम किप्पुर युद्धात त्यांनी देशाला गाफील ठेवले, दोषी ठरल्या आणि निवडणूक हरल्या’

या एका वाक्यात तीन आरोप आहेत, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच आहे.

२५ सप्टेंबर १९७३ रोजी जॉर्डनचे राजे हुसेन गुप्तपणे इस्रायलमध्ये आले. सीरियाचे सैन्य हल्ल्याच्या पवित्र्यात आहे, असे त्यांनी गोल्डांना सांगितले. इजिप्तशिवाय ते लढतील का, या प्रश्नावर दोघे मिळूनच लढतील, असे उत्तर मिळाले. लष्करी गुप्तचर खात्याने हा इशारा फारसा मनावर घेतला नाही. त्यांचे गृहीतक ठरलेले होते : इस्रायलच्या विमानतळांवर मारा करण्याची ताकद येईपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया करणार नाही. मे महिन्यात अशीच हूल उठली होती. सरसेनापती दाविद एलाझार यांनी तेव्हा सज्जता वाढवली, गुप्तचर प्रमुख एली झेइरा ‘युद्ध होणार नाही’ म्हणाले आणि ते झाले नाही. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये झेइरांच्या शब्दाला आणखी वजन आले.

५ ऑक्टोबरच्या शुक्रवारी बातमी आली, की सोव्हिएत सल्लागारांची कुटुंबे इजिप्त आणि सीरियातून घाईघाईने हलवली जात आहेत. गोल्डांना हे बरे लक्षण वाटले नाही आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. पण समोर बसलेले संरक्षणमंत्री दायान, एलाझार, झेइरा हे सगळे मुरलेले सैनिक. त्यांच्यापुढे त्यांनी आपला अंदाज रेटला नाही. त्या दिवशी आपण मनाचे ऐकून राखीव सैन्य बोलवायला हवे होते, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात स्पष्ट लिहिली आहे.

त्या रात्री मोसादचे प्रमुख झ्वी झामिर लंडनमध्ये इजिप्तचे दिवंगत अध्यक्ष नासर यांचे जावई अश्रफ मारवान यांना भेटले. पहाटे निरोप आला : आज युद्ध. सकाळी आठच्या सुमाराला बैठक भरली. एलाझारना पूर्ण सैन्यभरती हवी होती, शिवाय सीरियावर आधीच हवाई हल्ला. दायानना दोन्ही नको होते, त्यांना थोडकीच भरती पुरेशी वाटत होती. एका बाजूला सरसेनापती, दुसऱ्या बाजूला १९६७ च्या विजयाचा नायक, आणि निर्णय करायचा लष्कराचा अनुभव नसलेल्या पंचाहत्तरीच्या बाईने. गोल्डांनी भरतीच्या बाबतीत एलाझारना कौल दिला आणि हल्ल्याची मागणी फेटाळली. पहिली गोळी आपण झाडली तर अमेरिका मदतीला येणार नाही, हा त्यांचा हिशेब. दुपारी दोनला दोन्ही आघाड्यांवर हल्ला झाला. १४ ऑक्टोबरपासून अमेरिकी शस्त्रांची विमाने उतरू लागली. त्या सकाळचे दोन्ही निर्णय बरोबर होते, असे माझे मत आहे. कमी पडला तो आदला दिवस.

आता दोषाचे. सरन्यायाधीश शिमोन आग्रानात यांच्या चौकशी आयोगाचा पहिला अहवाल एप्रिल १९७४ च्या आरंभी आला. त्यात एलाझार, झेइरा आणि दक्षिण आघाडीचे सेनापती शमुएल गोनेन यांच्यावर ठपका होता. गोल्डांवर नव्हता. उलट ६ ऑक्टोबरच्या सकाळी त्यांनी योग्य आणि तत्पर निर्णय केला, असेच आयोगाने नोंदवले. आणि निवडणूक? ती ३१ डिसेंबर १९७३ रोजी, युद्धाच्या राखेत झाली. गोल्डांची आघाडी ५१ जागा घेऊन पहिली आली, विरोधी लिकुडला ३९ मिळाल्या.

मग त्या गेल्या का? अडीच हजारांहून जास्त सैनिक मारले गेले होते. मोत्ती आश्केनाझी नावाचा राखीव दलातला एक कॅप्टन पंतप्रधान कार्यालयाबाहेर एकटाच निषेधाला बसला, आणि बघता बघता त्याच्यामागे हजारो लोक जमले. सेनापती घरी जातात आणि पुढारी खुर्चीवर राहतात, हे लोकांना मान्य नव्हते. आयोगाने दोषमुक्त केल्यावर दहा दिवसांत, ११ एप्रिल १९७४ रोजी, गोल्डांनी राजीनामा दिला. कायद्याने त्याची गरज नव्हती. या सगळ्या काळात त्या रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होत्या आणि जनतेला त्याचा पत्ता नव्हता. ८ डिसेंबर १९७८ ला त्या गेल्या, तेव्हा तो आजार लोकांना कळला.

‘पॅलेस्टिनी नाहीतच, असे त्या म्हणाल्याच नव्हत्या’

त्यांच्या चाहत्यांचा हा लाडका बचाव. पण जून १९६९ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत त्या तसे म्हणाल्या होत्या. पॅलेस्टाइन नावाचे स्वतंत्र अरब राज्य कधी नव्हते, असा आपला रोख होता, अशी बाजू त्यांनी नंतर मांडली. राज्य नव्हते हे खरेच. पण माणसे होती. १९४८ मध्ये त्यांतली सुमारे सात लाख बेघर झाली.

गोल्डांना हे ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. मे १९४८ च्या सुरुवातीला त्या हैफाला गेल्या होत्या. अरब वस्ती ओस पडली होती, बंदराजवळ बायका, मुले, म्हातारी माणसे निघून जाण्याची वाट पाहत होती. काही घरांत टेबलावर कॉफी आणि भाकरी तशीच टाकलेली होती. युरोपातल्या ज्यू गावांत हेच झाले असणार, हा विचार मनातून जाईना, असे त्यांनी ज्यू एजन्सीच्या बैठकीत बोलून दाखवले. ते बैठकीच्या नोंदींत आहे. जे डोळ्यांनी पाहिले, ते पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या धोरणात कुठेच उतरले नाही.

इजिप्तच्या बाबतीतही तोच ताठरपणा. फेब्रुवारी १९७१ मध्ये तिथले अध्यक्ष सादात यांनी संयुक्त राष्ट्रसंघाचे दूत गुन्नार यारिंग यांना कळवले, की इस्रायलने माघार घेतली तर शांतता करार करायला इजिप्त तयार आहे. जून १९६७ पूर्वीच्या सीमांवर आम्ही परतणार नाही, असे गोल्डांच्या सरकारचे उत्तर गेले. तेव्हा वाटाघाटी झाल्या असत्या तर युद्ध टळलेच असते, असे खात्रीने म्हणता येणार नाही. पण सादात यांचे दार ठोठावणे त्यांनी पुरेशा गांभीर्याने तपासले नाही, आणि याची झडती कुठल्याच आयोगाने घेतली नाही, कारण आग्रानात आयोगाला तो विषय दिलेलाच नव्हता. गोल्डा मेयर यांच्या कारकिर्दीवरचा खरा डाग ६ ऑक्टोबर १९७३ च्या सकाळचा नाही. तो त्याआधीच्या अडीच वर्षांचा आहे.