आमची मुले नदीकाठी का जातात?



मागच्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर चहा घेताना मंडळीतील एका ज्येष्ठांनी मला बाजूला बोलावले. आपल्या वार्तापत्रातले एक छायाचित्र त्यांच्या मनात अडकले होते. त्यात वसतिगृहाची मुले पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उभी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात चहाची गाळणी आहे. ते म्हणाले, "ताई, राग मानू नका. पण बसचे भाडे, जेवण, वर सगळा शनिवार जातो. एवढ्या पैशात गणिताची शिकवणी लागली नसती का?"

प्रश्न रास्त आहे. आपण पाठवता तो पैसा आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी असतो आणि त्याचा हिशेब मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्या दिवशी घाईत मी काहीतरी मोघम बोलले. पूर्ण उत्तर इथे लिहिते.

मुलांना आम्ही शिकवतो ती गोष्ट म्हणजे पाणलोट क्षेत्र. शब्द सरकारी वाटतो, पण अर्थ साधा आहे. पावसाचे पाणी ज्या जमिनीवरून उतरत एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचे पाणलोट. पुस्तकात ही व्याख्या दोन ओळींत संपते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. म्हणून आम्ही सुरुवात कागदाने करतो. कोरा कागद चुरगाळायचा, अर्धवट उलगडून टेबलावर ठेवायचा. जिथे जिथे कडा उंच आल्या आहेत त्यांवर निळ्या स्केचपेनची रेघ ओढायची आणि वरून फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारायचे. शाई कड्यांवरून दोन्ही बाजूंना ओघळते, खाचांत जमते, खाचा एकमेकींना मिळतात. पाचवीचे मूलही बोट ठेवून सांगते की डोंगर इथे, नदी तिथे, आणि घर बांधायचे नाही ते या जागी.

मग बस निघते वाडीच्या पुढे, लाव्याकडे. नाग नदी या टेकड्यांत उगम पावते. शहरातली नाग पाहिलेल्या मुलांना पहिला धक्का इथेच बसतो. ऑक्टोबरमध्ये गेलो तर दगडांमधून पाण्याची एक पातळ धार दिसते, ती स्वच्छ असते आणि तिला वास नसतो. "हीच नाग?" असे प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतेच. अरामी सेनापती नामान यार्देनेकडे पाहून नाक मुरडतो ती गोष्ट मुलांना ठाऊक असते, त्यामुळे लहान नदीला हसायचे नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

उंचवट्यावर उभे राहून आम्ही उतार शोधतो. पूर्वेकडे पडलेले पाणी नागेत येते. अमरावती रस्त्याने आणखी पश्चिमेला गेले की उतार फिरतो आणि तिकडचे पाणी वेणा नदीकडे जाते. मग नकाशा जमिनीवर पसरायचा आणि दोन थेंबांचा प्रवास बोटाने करायचा. एक थेंब नागेतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला. दुसरा वेणेतून वर्धा नदीला. वाडीजवळ एकमेकांना पाठ दाखवून निघालेले हे दोन थेंब शेकडो किलोमीटर फिरून पुन्हा भेटतात, कारण वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की प्राणहिता होते. प्राणहिता पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. मागच्या वर्षी बोट तिथवर पोहोचले तेव्हा सिरोंचा भागातून आलेली एक मुलगी उठून उभी राहिली. एरवी ती वर्गात तोंड उघडत नाही. "मॅडम, प्राणहिता आमच्या गावाजवळून जाते!" घरापासून एवढ्या लांब आलेल्या त्या मुलीला नागपूर पहिल्यांदा आपल्या गावाच्या वरच्या अंगाला दिसले.

आता त्या गाळणीबद्दल. पाण्याची तब्येत कळायला महागडे यंत्र लागत नाही. दगड उचलून त्याखाली गाळणी फिरवायची आणि आलेले किडे पांढऱ्या ताटलीत ओतायचे. उगमाजवळ चतुराची पिल्ले मिळतात, पायांनी सरपटणारे नाना तऱ्हेचे बारीक जीव मिळतात. त्यातल्या बऱ्याच जिवांना प्राणवायूने भरलेले पाणी लागते. शहरातून नाग सुमारे १७ किलोमीटर वाहते. तिच्या खालच्या टोकाला मुलांना आम्ही पाण्यात उतरू देत नाही, पुलावरून दोरीने बादली सोडतो. त्या बादलीत लाल अळ्या येतात, ज्या कमी प्राणवायूतही तग धरतात. कित्येकदा तेवढ्याही येत नाहीत. दोन ताटल्या शेजारी ठेवल्या की मला भाषण करावे लागत नाही.

दुसरे साधन म्हणजे दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा. तो जमिनीत थोडा ठोकायचा, एक लिटर पाणी ओतायचे आणि ते मुरायला किती वेळ लागतो हे घड्याळावर पाहायचे. लाव्याच्या मुरमाड माळावर पाणी बघता बघता नाहीसे होते. पेव्हर ब्लॉक घातलेल्या वाहनतळावर डबा ठोकताच येत नाही, म्हणून तिथे पाणी नुसते ओततो आणि ते कुठे पळते ते पाहतो. हा प्रयोग केल्यावर मी मुलांना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेबद्दल विचारते. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नागेच्या काठच्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी शिरले. आपल्यापैकी काहींनी तो चिखल स्वतः उपसला आहे. मुले उत्तर शोधतात ते त्या डब्यापासूनच: पाणी मुरायला जागा राहिली नाही आणि नदीला पसरायला जागा राहिली नाही.

पावसाळ्यात मात्र सहल नाही. हा नियम मी पुस्तकातून घेतलेला नाही, आपल्याच इतिहासातून घेतला आहे. स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरच्या ख्रिस्ती मंडळींना कॉलेजमुळे माहीत आहे. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. शाळा चालवली, सुवार्ता सांगितली आणि त्याबरोबर या भागातले दगड, जीवाश्म, तळ्यांतले सूक्ष्म जीव गोळा केले. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड नागपूरजवळ संपते. सीताबर्डीची टेकडी आणि टाकळीचे थर यांचा त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी केलेला अभ्यास भूशास्त्रात आजही सांगितला जातो. गोंड आणि इतर आदिवासी समाजांबद्दल त्यांनी लिहून ठेवलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी छापली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. इथली जमीन आणि इथले ओढे ज्यांनी इतक्या बारकाईने पाहिले, त्यांचाही अंदाज चुकला. म्हणून आम्ही ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढेच महिने धरतो, आणि तेव्हाही दहा मुलांमागे एक मोठे माणूस असल्याशिवाय ओढ्यात पाऊल टाकू देत नाही.

दुसरी सहल पेंचची. आपल्या वसतिगृहात देवलापारकडची गोंड मुले बरीच आहेत. नागपूरच्या नळाला येणारे बहुतेक पाणी पेंच नदीचे असते. तोतलाडोहच्या धरणातून ते खाली नवेगाव खैरीला येते आणि तिथून शहराकडे वळते. हे मी वर्षानुवर्षे नुसते सांगत होते. नवेगाव खैरीच्या भिंतीजवळ उभे राहून सांगितले तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे होस्टेलच्या नळाला आमच्या इकडचं येर येते." येर म्हणजे गोंडीत पाणी. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "मग आमच्या टोल्यावरचा हातपंप एप्रिलमध्ये का आटते?" त्याला द्यायला माझ्याकडे गोड उत्तर नव्हते. धरणाचे पाणी कालव्याने आणि नळाने जाते, तर टोला उंचावर, कठीण खडकावर आहे, आणि तिथे पाऊस अडवून मुरवण्याचे काम झालेले नाही. हे खरे कारण मी त्याला सांगितले. यात अन्याय नाही असे काही मी म्हटले नाही.

पण वरच्या अंगाचाही वरचा अंग असतो. २०१९ च्या जुलैमध्ये नागपूरला एक दिवसाआड पाणी आले ते आपल्याला आठवत असेल. पाऊस लांबला होता हे झालेच, शिवाय मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे पेंचवर चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहला येणारा ओघ कमी झाला आहे. त्या वेळी शहरातले लोक चौराईवर चिडले होते. मुलांना मी उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायातला इसहाक सांगते. गराराच्या खोऱ्यात तो विहिरी खणतो, तिथले गुराखी पाण्यावर हक्क सांगत भांडतात, तो पुढे सरकून पुन्हा खणतो. या प्रसंगावर मुले जितका वाद घालतात तितका मी धर्मज्ञानाच्या पदविकेच्या वर्गातही ऐकला नव्हता. निम्म्यांना वाटते इसहाकने हटायला नको होते.

इसहाकसारखे खणणारे आपल्या महाराष्ट्रातही झाले. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी अहमदनगर भागात दुष्काळी गावांबरोबर पाणलोटाचे काम केले, आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभा राहिला. अशा कामाचे सूत्र 'माथा ते पायथा' आहे. आधी डोंगरमाथ्यावर चर खणायचे आणि झाडे लावायची, मग उतरत उतरत बांध, आणि शेवटी नाल्यात बंधारा. उलट क्रमाने केले तर बंधारा पहिल्याच पावसात गाळाने भरतो. टोल्यावरच्या हातपंपाचे उत्तर याच वाटेवर आहे, आणि ते गावाने मिळून करायचे काम आहे, एका संस्थेने देणगीतून उरकायचे नाही.

तिसरी सहल आंभोऱ्याची, कुही तालुक्यात, जिथे कन्हान वैनगंगेला मिळते. जागा सुंदर आहे. पण खाली पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाचे पाणी इथवर मागे तुंबलेले असते आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमधून त्यातच येते. काठावर एक मासेमार काका जाळे सोडवत बसले होते. त्यांनी विचारले, "कुठून आले?" मुले एका सुरात म्हणाली, "नागपूरवरून." काका हसले नाहीत. म्हणाले, "मंग हे तुमचंच तर पाणी आहे जी."

परतीच्या बसमध्ये नेहमीची गाणी झाली नाहीत. पेंचवर बोललेला तोच मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, ते पाणी आमच्या इकडून चांगलं निघालं होतं." मध्ये काय झाले ते त्याने विचारले नाही. मध्ये आपले वसतिगृह आहे.

दुसऱ्या दिवशी मुलांनी वसतिगृहाची गटारे तपासली. मला वाटत होते की स्वयंपाकघराचे आणि आंघोळीचे पाणी शोषखड्ड्यात जाते. प्रत्यक्षात खड्डा कधीच गाळाने भरला होता आणि पाणी कुंपणाबाहेरच्या नालीतून थेट नाल्याला, म्हणजे नागेला जात होते. बारा वर्षे मी इथे आहे आणि मला हे माहीत नव्हते. लाज वाटली. नोव्हेंबरच्या सुट्टीत आम्ही जुना खड्डा उपसला, विटांचे तुकडे, जाड वाळू आणि बारीक वाळू असे थर नव्याने भरले, आणि भांडी घासायच्या जागी जाळी बसवली, म्हणजे शिते आणि तेलकट खरकटे आत जाऊन खड्डा पुन्हा बुजणार नाही. आंघोळीचे पाणी आता केळीच्या झाडांना जाते. संडासाच्या टाकीचे काम अजून बाकी आहे, त्याला पैसे लागतील आणि त्याबद्दल पुढच्या अंकात स्वतंत्र लिहीन.

दिवाळीला घरी गेलेल्या मुलांना एकच गृहपाठ होता: आपल्या गावाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याचा नकाशा आजी-आजोबांना विचारून काढायचा. बहुतेक नकाशे वेडेवाकडे आहेत. पण आठ-दहा नकाशांत बुजलेले झरे दाखवले आहेत, ज्यांची गोंडी नावे फक्त म्हाताऱ्यांनाच आठवतात. ती नावे आम्ही वहीत उतरवून घेत आहोत. हातपंपाच्या मुलाने आपल्या टोल्यावरचा असा एक झरा दाखवला आहे, आणि गाळ काढला तर तो वाहील असे त्याच्या आजोबांचे म्हणणे आहे. फेब्रुवारीत आम्ही चौघे-पाच जण तिथे जाऊन पाहणार आहोत.

आणि गणिताचे म्हणाल, तर दहा मीटर दोरी ताणून त्यावरून झाडाचे पान वाहू द्यायचे, सेकंद मोजायचे, ओढ्याची रुंदी आणि खोली मोजायची आणि एका मिनिटात किती लिटर पाणी गेले ते काढायचे, हे आठवीच्या मुलांना आता जमते. दशांश चिन्ह अजून चुकते.

त्या ज्येष्ठांना मी जानेवारीच्या आंभोरा सहलीचे निमंत्रण दिले आहे. गुडघे दुखतात म्हणाले. बसमधली पुढची जागा त्यांच्यासाठी ठेवली आहे, आणि आपल्यापैकी कोणाला यायचे असेल तर आणखी सहा जागा आहेत. डबा सोबत आणावा.