स्मृतिस्तंभ आणि संहिता : मेळघाटातील मुंडा व न्यू आयर्लंडमधील मालांगान

मेळघाटातील कोरकू समाजात मृताला दिला जाणारा अखेरचा निरोप अंत्यसंस्काराने पुरा होत नाही. तो सिडोली या उत्तरविधीने होतो. ऐपत जुळेपर्यंत हा विधी कित्येकदा वर्षानुवर्षे लांबतो. त्या प्रसंगी मृताच्या नावाने उभारला जाणारा, बहुधा सागाचा, कोरीव स्तंभ म्हणजे मुंडा. (कोरकू ही मुंडा शाखेतील भाषा असली, तरी स्तंभाच्या व शाखेच्या नावांची गल्लत करू नये.) त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार या आकृती असतात. मृत पितरांत मिळतो. स्तंभ उन्हापावसात झिजत उभा राहतो.

पापुआ न्यू गिनीतील न्यू आयर्लंड बेटावरील मालांगान शिल्पेही मृतांच्या उत्तरविधीसाठीच घडतात. जाळीदार कोरलेले लाकूड, त्यावर लाल, काळा व पांढरा रंग, आणि डोळ्यांच्या जागी समुद्री शंखाच्या तोंडावरचे हिरवट, चकतीसारखे झाकण. या डोळ्यांमुळे शिल्प पाहणाऱ्याकडे उलट पाहते. मात्र तुलना आकृतींपाशी थांबली, तर ती वस्तूंची यादी होईल.

खरा भेद शिल्पाच्या शेवटात आहे. मालांगान अल्पकाळ दाखवले जाते; मग ते कुजू दिले जाते वा नष्ट केले जाते. सुझान क्यूख्लर यांनी 2002 च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, प्रदर्शनाच्या वेळी मोबदला देऊन ती आकृती पुन्हा घडविण्याचा हक्क हस्तांतरित होतो. वारसाला लाकूड मिळत नाही, स्मरण मिळते. पुढचे शिल्प त्या स्मरणातून कोरले जाते. मराठी वाचकाला येथे पार्थिव गणपतीचे विसर्जन आठवेल, पण साम्य अर्धेच आहे. गणपतीचे रूप कोणाच्या मालकीचे नसते. मुंड्यावरील सूर्यचंद्रही सामायिकच. मालांगानात रूपच मालमत्ता ठरते.

मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला याचा अर्थ गंभीर आहे. मूळ संहिता शोधण्याची सवय येथे निरुपयोगी ठरते, कारण संहिता टिकते ती तिची प्रत नाहीशी होते म्हणून. 1884 ते 1914 या जर्मन सत्तेच्या काळात असंख्य मालांगान युरोपातील संग्रहालयांत गेले. परक्याला शिल्प विकणे हाही बेटवासीयांना ते नाहीसे करण्याचा एक मार्ग होता. म्हणजे संग्राहकाने जपली ती विधीनंतर टाकून द्यायची वस्तू. काचेच्या कपाटाजवळची पाटी लाकूड, रंग व शंख यांची नोंद करते. आकृतीचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, हे तिच्यावर बहुधा नसते.